पॅडेलची रॅकेट कशी पारखावी: किचनच्या काट्यापासून शेवटच्या सेटपर्यंत

पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टावर दोघा-दोघांच्या जोडीने खेळायचा टेनिससारखा खेळ. त्याची रॅकेट दुकानात हातात घेऊन हवेत दोन-चार वेळा फिरवली, तर जवळजवळ प्रत्येक रॅकेट हलकी आणि चपळ वाटते. खरी ओळख पटते ती दीड तासाच्या स्लॉटची शेवटची वीस मिनिटं उरल्यावर. खांदा भरून आलेला असतो, तुम्ही नेटवर उभे असता आणि समोरून कुणीतरी थेट पोटावर बॉल मारतं. तेव्हा रॅकेट वेळेत वर येते का? आणि काचेवर आपटून परत आलेला संथ बॉल त्याच थकलेल्या हाताने लॉब करून, म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून उंच टोलवून, मागच्या काचेपर्यंत पोहोचवता येतो का? सामना बहुतेक वेळा याच फटक्यांवर जातो. स्मॅश दोन-तीन गेममध्ये एखादा नीट मिळतो, पण रॅकेट विकत घेताना मात्र सगळे स्मॅशच डोळ्यांपुढे आणतात.

ही पद्धत मुंबई-पुण्यात काही महिने भाड्याच्या रॅकेटने खेळून आता स्वतःची घ्यायची ठरवलेल्यांसाठी आहे. सामान थोडंच लागतं: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा डिजिटल काटा, दोन पेन्सिली, स्टीलची पट्टी, फळ्याचा खडू आणि निवडीत असलेल्या दोन रॅकेट. अनेक क्लब आणि दुकानं रॅकेट खेळून पाहायला देतात, ती संधी सोडू नका.

वजन स्वतः करा

प्रौढांच्या बहुतेक रॅकेट ३४० ते ३९० ग्रॅमच्या दरम्यान असतात आणि वेष्टनावर वजन ‘३६० ते ३७५ ग्रॅम’ असं पट्ट्यात छापलेलं असतं. म्हणजे एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन नग दहा-पंधरा ग्रॅमने वेगळे निघू शकतात. थर हाताने बसवून, राळ घालून, साच्यात दाबून रॅकेट बनते; राळ कमी-जास्त झाली की वजनही होतं. मित्राची रॅकेट आवडली म्हणून तीच ऑनलाइन मागवली आणि ती ‘तशी’ वाटलीच नाही, यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. त्यामुळे मॉडेलचं वजन विचारण्यापेक्षा जो नग घरी नेणार तोच काट्यावर ठेवा.

ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी), टोकावरची संरक्षक पट्टी आणि मनगटाची दोरी काढून एकदा वजन करा. ते सगळं लावून पुन्हा एकदा करा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

बॅलन्स, आणि त्याहून उपयोगी असा एक आकडा

बॅलन्स म्हणजे मुठीच्या तळापासून रॅकेटच्या तोलबिंदूपर्यंतचं अंतर. स्टीलची पट्टी उभ्या कडेवर धरून रॅकेट त्यावर आडवी तोलायची आणि तळापासून अंतर मोजायचं. साधारणपणे २५.५ सेंमीपर्यंत खालचा बॅलन्स, २६.५ सेंमीपर्यंत मधला आणि त्यापुढे वरचा, म्हणजे डोकं जड, असं धरतात.

पण हा एकटा आकडा फसवतो. ३६० ग्रॅमची, २६.५ सेंमी बॅलन्सची रॅकेट घ्या. मुठीवर ५ ग्रॅमची एक ओव्हरग्रिप चढवली की बॅलन्स २६.२ वर येतो. दोन चढवल्या तर २६ वर. कागदावर रॅकेटचं डोकं हलकं झालं. प्रत्यक्षात डोक्यातून एक ग्रॅमही कमी झालेला नसतो. हाताखाली वजन वाढल्यामुळे फक्त तोलबिंदू सरकलेला असतो. व्हॉलीसाठी, म्हणजे बॉल टप्पा पडण्याआधीच मारण्यासाठी, रॅकेट वर आणताना मनगटाला ओढायचं असतं ते डोकं जितकं होतं तितकंच राहतं.

म्हणून आमचा भर ‘टोकाच्या भारा’वर असतो. काट्यावर एक पेन्सिल आडवी चिकटवा आणि काटा शून्यावर आणा. बाजूला तेवढ्याच उंचीचा वह्यांचा गठ्ठा रचून त्यावर दुसरी पेन्सिल ठेवा. रॅकेटचा तळ वह्यांवरच्या पेन्सिलीवर, टोक काट्यावरच्या पेन्सिलीवर, दोन्ही अगदी कडेला टेकतील असं ठेवा आणि रॅकेट पातळीत आहे ना ते पाहा. काटा जो आकडा दाखवेल तो टोकाचा भार. त्यात वजन आणि बॅलन्स दोन्ही एकत्र येतात. पडताळा हवा असेल तर वजन गुणिले बॅलन्स भागिले रॅकेटची लांबी, उत्तर तेच येईल.

आता गंमत बघा. ४५.५ सेंमी लांबीच्या दोन रॅकेट आहेत. एक ३५० ग्रॅमची, बॅलन्स २७. दुसरी ३७० ग्रॅमची, बॅलन्स २५.५. दुकानदार पहिलीला हलकी म्हणेल, पण टोकाचा भार दोन्हींचा २०७ ते २०८ ग्रॅम. हात उचलताना डोक्याची ओढ जवळपास सारखीच. उलट दुसरीत वस्तुमान जास्त असल्यामुळे जोरात आलेला बॉल अडवताना ती कमी हादरते. नुसतं वजन विचारून घेतलेल्या ‘हलक्या’ रॅकेटने खांदा का दुखतो, ते इथे कळतं.

याच मोजणीत संरक्षक पट्टीचाही निकाल लागतो. ५ ग्रॅमची ओव्हरग्रिप टोकाचा भार एक ग्रॅमनेही वाढवत नाही. १० ग्रॅमची जाड पट्टी टोकावर लावली की भार जवळजवळ १० ग्रॅमने वाढतो. काचेवर आणि जमिनीवर घासून चौकट फुटू नये म्हणून पट्टी लावणं योग्यच आहे, पण डोकं आधीच जड असेल तर पातळ पारदर्शक पट्टी निवडा.

आमच्या अंदाजी पट्ट्या अशा आहेत. २०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली भार असेल तर रॅकेट नवशिक्याला, कमी ताकदीच्या हाताला आणि कोपर दुखणाऱ्याला मानवते. २०३ ते २१२ मध्ये नियमित खेळणारे बहुतेक जण बसतात. २१५ च्या वर गेलात तर खांदा तयार हवा आणि फटक्याची वेळ अचूक हवी. हे आकडे उघड्या रॅकेटचे आहेत. तुलना करताना दोन्ही रॅकेट एकाच अवस्थेत मोजा.

आकार, फोम आणि ‘के’चं गणित

गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट, म्हणजे बॉल सर्वांत छान लागतो ती जागा, मध्यभागी आणि मोठा असतो. शंकरपाळ्याच्या आकाराची, म्हणजे डायमंड, तिचा स्वीट स्पॉट वर सरकलेला आणि लहान. थेंबाच्या आकाराची या दोहोंच्या मधली. एवढं पुरे, कारण कंपन्या या नावांचा वापर सैल हाताने करतात आणि एका कंपनीचा थेंब दुसरीच्या डायमंडपेक्षाही डोक्याला जड निघू शकतो. नावाआधी मोजणीवर विश्वास ठेवा.

पृष्ठभागात बहुधा फायबरग्लास किंवा कार्बन असतो. फायबरग्लास जास्त लवतो आणि संथ फटक्यालाही बॉल सहज बाहेर टाकतो. कार्बन ताठ असतो. ३के, १२के, १८के ही कार्बनच्या धाग्यातल्या तंतूंची संख्या आहे: ३के म्हणजे एका पेडात ३,००० तंतू. १८के म्हणजे ३के पेक्षा सहापट कडक किंवा सहापट चांगली असा अर्थ होत नाही. किती थर आहेत, कोणत्या दिशेने टाकलेत आणि राळ कोणती, यावर ताठपणा ठरतो. आकडा मोठा म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आतला गाभा बहुतेक रॅकेटमध्ये ईव्हीए फोमचा असतो, म्हणजे जे स्पोर्ट्स शूजच्या तळव्यात असतं तेच. नवा बूट कसा उसळी देतो आणि वर्षभराने कसा बसका होतो, ते आठवलं की रॅकेटचं आयुष्य समजेल. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण रॅकेट चुकीची निवडली जाण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे. मऊ गाभा हळू फटक्यावर बॉलला स्वतःहून पुढे ढकलतो. तुम्ही नुसती रॅकेट पुढे धरली तरी लॉब खोल जातो. पण पूर्ण ताकदीने मारलेल्या स्मॅशवर तोच गाभा दबून जातो आणि जोर स्वतःतच जिरवतो. कडक गाभ्याचं उलट: हात वेगाने फिरला तर तो सगळा वेग बॉलला देतो, हळू फिरला तर बॉल मेल्यासारखा पडतो. त्यामुळे ‘पॉवर’ असं छापलेली कडक रॅकेट संथ हाताच्या खेळाडूला भाड्याच्या मऊ रॅकेटपेक्षाही कमी ताकद देते. मग तो जास्त जोर लावतो आणि कोपर दुखायला लागतं.

‘सॉफ्ट’, ‘मीडियम’, ‘हार्ड’ हे शब्दही एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तुलना करण्यापुरतेच उपयोगाचे आहेत. एकाचं मीडियम दुसऱ्याचं हार्ड असू शकतं.

पृष्ठभागाचा खरखरीतपणा फिरकीला थोडी मदत करतो, पण वाळूसारखा मुलामा असेल तर तो मधोमध लवकर झिजतो. साच्यातच उठवलेली नक्षी जास्त टिकते. नवशिक्याने यावर विचार खर्च करू नये.

टेबलावरची उसळी

रॅकेटची मूठ टेबलावर ठेवून तिच्यावर जड दप्तर ठेवा, डोकं टेबलाबाहेर अधांतरी राहू द्या. शेजारी मोजपट्टी उभी लावा. एकाच उंचीवरून, समजा रॅकेटच्या पृष्ठभागापासून १ मीटरवरून, बॉल नुसता सोडायचा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये तो किती वर उसळतो ते पाहायचं. पाच जागा घ्या: मधोमध, ४ सेंमी वर, ४ सेंमी खाली, ४ सेंमी डावीकडे आणि तेवढंच उजवीकडे. प्रत्येक जागी पाच वेळा टाका आणि मधला आकडा धरा.

मध्य आणि कडा यांच्या उसळीतला फरक हे इथलं फलित. फरक कमी असेल तर रॅकेट चुकीच्या जागी लागलेला बॉलही सांभाळून घेते. डायमंडमध्ये ४ सेंमी खालची जागा बऱ्याचदा एकदम मरगळलेली निघते. मधल्या जागेची उसळी मात्र ‘कोणती रॅकेट जास्त ताकदीची’ म्हणून वाचू नका. वरून सोडलेला बॉल हळूच येतो, तेव्हा मऊ रॅकेट पुढे दिसणारच. स्मॅशबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही.

कोर्टावर

कोर्टावर जाताना दोन्ही रॅकेटवर सारख्याच ओव्हरग्रिप चढवा. पॅडेलच्या मुठी टेनिससारख्या वेगवेगळ्या मापांत सहसा मिळत नाहीत. जाडी ओव्हरग्रिपनेच जमवायची असते. मूठ नेहमीसारखी धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यामध्ये करंगळी मावेल एवढी फट राहायला हवी. बोटं तळहाताला टेकत असतील तर मूठ बारीक आहे. बॉल कडेला लागला की रॅकेट हातात फिरेल आणि तुम्ही दोष रॅकेटला द्याल.

बॉल दोन्हींसाठी तेच तीन वापरा. नवा डबा उघडला असेल तर आधी दहा मिनिटं खेळून घ्या, कारण ताजे बॉल पहिल्या काही मिनिटांत जास्त उडतात. क्रम पहिली, दुसरी, पुन्हा पहिली असा ठेवा. फक्त पहिली-दुसरी खेळलात तर दुसरी नेहमीच बरी वाटते, कारण तोवर अंग गरम झालेलं असतं. पहिलीकडे परत आल्यावर आकडे सुधारले तर ती सुधारणा तुमची होती, रॅकेटची नव्हे.

पहिलं काम खडूचं. रॅकेटच्या पृष्ठभागावर खडू हलका घासा, जोडीदाराकडून दहा व्हॉली आणि दहा काचेवरून आलेले बॉल खेळा आणि खडू कुठे पुसला गेलाय ते बघा. मग ओल्या फडक्याने रॅकेट पुसून टाका. क्रिकेटची बॅट घेताना जशी हातोडीने ठोकून मधली जागा शोधतात, तसंच हे. फक्त इथे बॅटची नाही, स्वतःची जागा सापडते. पहिल्या वर्षात बहुतेकांचे डाग मधोमध आणि खाली पसरलेले दिसतात, टोकाकडे क्वचितच. ज्याचे डाग खाली आहेत त्याने वर स्वीट स्पॉट असलेली रॅकेट घेणं म्हणजे स्वतःच्या प्रत्येक फटक्याशी भांडणं. एवढ्या एका चाचणीने डायमंडचा मोह बऱ्याच जणांचा सुटेल, आणि सुटावाच.

मग मोजायचे फटके. नेटपासून दोन-अडीच मीटरवर उभं राहून वीस फोरहँड आणि वीस बॅकहँड व्हॉली. सर्व्हिस लाइन नेटपासून ६.९५ मीटरवर असते. तिच्या पलीकडे पडलेले बॉल मोजा. नंतर मागच्या काचेवर लागून परत आलेले वीस बॉल लॉब करा; नेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताबाहेरून जाऊन सर्व्हिस लाइनच्या मागे पडलेले मोजा. पंधरा बांदेहा, म्हणजे डोक्यावरून आलेला बॉल खांद्यावरून कापत खोल ठेवायचा फटका. अंगावर जोरात मारलेले दहा बॉल, नुसते अडवायचे. स्मॅश सर्वांत शेवटी आणि दहाच.

वीसपैकी एका-दोन बॉलचा फरक काहीच सांगत नाही. पाच किंवा अधिकचा फरक, तोही दोन वेगळ्या दिवशी सारखाच आला, तर तो खरा.

आकड्यांपेक्षा चुका कुठल्या प्रकारच्या होतात हे जास्त महत्त्वाचं. उजव्या हाताच्या खेळाडूची फोरहँड व्हॉली वारंवार उजवीकडे आणि बॅकहँड वारंवार डावीकडे जात असेल, तर रॅकेट उशिरा पोहोचतेय: टोकाचा भार जास्त. व्हॉली दिशेत बरोबर पण फारच लांब जाऊन काचेवरून उंच परत येत असेल, तर रॅकेट तुमच्या हाताला जास्त उसळती आहे. टेनिसवाल्यांना हे हमखास होतं. लॉब सर्व्हिस लाइनच्या अलीकडे पडत असतील तर गाभा तुमच्या वेगाला कडक आहे. आधी गुडघे वाकवून बॉलच्या खाली जाताय ना ते तपासा, कारण उभ्याने मारलेला लॉब कोणत्याही रॅकेटने आखूडच पडतो. बॉल अडवताना रॅकेट हातात फिरते? एक ओव्हरग्रिप वाढवून तेच दहा बॉल पुन्हा अडवा. फिरणं थांबलं तर दोष मुठीचा होता. तरीही फिरत असेल तर डोक्याची रचना कडेच्या फटक्यांना माफ करत नाही.

बांदेहा या सगळ्यांत जास्त बोलका फटका आहे. तो ना पूर्ण स्मॅश, ना व्हॉली; खांद्यावरून कापत, तोल सांभाळत, बॉल खोल ठेवायचा असतो. इथे फार मऊ रॅकेट बॉल उडवते आणि फार जड डोकं फटका खाली ओढून नेटमध्ये घालतं. पंधरापैकी किती बॉल मागच्या काचेवर लागून खाली राहिले ते पाहा. दोन रॅकेट बाकी सगळ्यांत सारख्या निघाल्या तर निर्णय बांदेहावर सोडा.

यानंतर पूर्ण सामना खेळा, किमान दोन सेट. आणि आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी: सामना संपल्याबरोबर, पाणी प्यायच्याही आधी, पुन्हा वीस फोरहँड आणि वीस बॅकहँड व्हॉली घ्या आणि सुरुवातीच्या आकड्यांशी ताडून पाहा. सुरुवातीला चाळीसपैकी तीस आणि थकल्यावर अठरा देणारी रॅकेट तुमच्यासाठी नाही. सव्वीस आणि चोवीस देणारी आहे. पहिल्या दहा मिनिटांत जी रॅकेट सर्वांत ‘धारदार’ वाटते ती बऱ्याचदा इथे मागे पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला विचारा. भरलेला तांब्या उचलताना, ओला टॉवेल पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येतेय का? स्नायू आंबणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं. हाडाच्या टोकाशी बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर ती रॅकेट बाजूला ठेवा. दुखणं राहिलं तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. ग्रिप बदलून ते अंगावर काढू नका.

कोणाला काय मानवतं

बॅडमिंटनमधून आलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या हाताला ८०-९० ग्रॅमची रॅकेट आणि मनगटाचा झटका सवयीचा असतो. पॅडेलची रॅकेट त्याच्या चौपट जड, आणि झटका तोच दिला की सगळा ताण कोपरावर येतो. ३५० ते ३६० ग्रॅम, गोल, मऊ किंवा मध्यम गाभा, टोकाचा भार २०० च्या आसपास अशी रॅकेट घ्यावी. बारीक मुठीची सवय असते, तरी करंगळीची फट तपासून एखादी ओव्हरग्रिप वाढवावी.

टेनिसवाल्यांकडे ताकद भरपूर असते. ती आवरायला मदत हवी असते. लांब स्विंगमुळे काचेजवळ त्यांची अडचण होते आणि उसळत्या रॅकेटने बॉल काचेवरून उंच परत येऊन समोरच्याला सोपा पडतो. ३६० ते ३७० ग्रॅम, गोल किंवा थेंबाकृती, मध्यम ते कडक गाभा. दोन हातांचा बॅकहँड खेळत असाल तर मूठ लांब आहे का ते प्रत्यक्ष दोन्ही हात ठेवून बघा. छापील मापावर जाऊ नका, कारण काही रॅकेटमध्ये वरचा हात चौकटीच्या फाट्यावर येतो.

स्क्वॉशवाल्यांना भिंत वाचता येते, हे त्यांचं मोठं भांडवल. त्यांना गोल रॅकेटवर लगेच हात बसतो.

जोडीतल्या जागेचाही विचार करा. दोघेही उजव्या हाताचे असतील तर डावीकडच्या खेळाडूला मधले, उंच बॉल जास्त मिळतात. त्याला थोडं जड डोकं चालतं. उजवीकडचा जास्त वेळ बॉल परतवतो, लॉब करतो, डाव रचतो. त्याला नियंत्रण हवं. डावखुरा खेळाडू सहसा उजवीकडे उभा राहतो, म्हणजे दोघांचेही फोरहँड मधोमध येतात. मग तोही आक्रमक रॅकेट वापरू शकतो. अजून जागा ठरली नसेल तर मधलीच रॅकेट घ्या.

पन्नाशीपुढच्यांसाठी आणि कोपराचा जुना त्रास असणाऱ्यांसाठी आमचं मत ठाम आहे: फायबरग्लास किंवा मिश्र पृष्ठभाग, मऊ गाभा, खालचा बॅलन्स. पण फार हलकी, ३४० च्या खालची रॅकेट घेऊ नये. जोराचा बॉल आला की हलकी रॅकेट मागे ढकलली जाते आणि तो हादरा शेवटी हातालाच सोसावा लागतो. मुलांना मात्र मुलांच्याच रॅकेट द्याव्यात. मोठ्यांची रॅकेट आखूड धरून शिकलेला फटका नंतर सुधारायला वर्ष जातं.

ऊन, घाम, पाऊस

गाभा उन्हात मऊ होतो आणि थंडीत कडक. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी सहाला खेळून पाहिलेली रॅकेट मे महिन्याच्या दुपारी वेगळी वाटणारच, शिवाय उन्हात बॉलही जास्त उडतो. दोन रॅकेटची तुलना एकाच दिवशी, एकाच वेळी करा. ज्याचे स्लॉट रोज भर उन्हातले त्याने गाभा अर्धी पायरी कडक घेतला तरी चालेल. पहाटे खेळणाऱ्याने अर्धी पायरी मऊ. बंद गाडीत उन्हात रॅकेट विसरू नका. राळ आणि फोम दोन्ही खराब होतात आणि वरून काहीच दिसत नाही.

मुंबईच्या दमट हवेत घामाने मूठ सुटते. मग माणूस ती आवळून धरतो आणि हात लवकर थकतो. चिकट ओव्हरग्रिपपेक्षा घाम शोषणारी, कोरडी ग्रिप इथे बरी; पावसाळ्यात तीन-चार सामन्यांनी ती बदलावी. ओल्या बॉलने रॅकेटची परीक्षा घेऊ नका, भिजलेला बॉल जड होतो आणि सगळ्याच रॅकेट मेलेल्या वाटतात.

वापरलेली रॅकेट घेताना

माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं इथेही करा. बोटाच्या पेराने पृष्ठभागावर कडेकडेने गोल फिरत टकटक करत जा. एका जागी आवाज अचानक भद्द झाला तर आत थर सुटलाय किंवा गाभा फुटलाय. रॅकेट कानाशी धरून हलवा; आत खुळखुळ ऐकू आली तर राळेचा किंवा फोमचा तुकडा सुटलेला असतो. स्टीलची पट्टी पृष्ठभागावर आडवी ठेवून उजेडाकडे धरा. मधोमध पट्टीखालून उजेड दिसला तर पृष्ठभाग बसलाय आणि ती रॅकेट संपलीय. भेगा पाहायच्या त्या दोन ठिकाणी: डोकं मुठीला जोडणाऱ्या फाट्यापाशी आणि दोन भोकांच्या मधल्या पट्टीत. रंगाचा बारीक चरा नखाला लागत नाही, भेग लागते. संरक्षक पट्टी लावलेली असेल तर ती उचलून दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर दुसरी रॅकेट बघा.

शेवटी मापं आणि दोरी. नियमाप्रमाणे रॅकेट ४५.५ सेंमीपेक्षा लांब, २६ सेंमीपेक्षा रुंद किंवा ३८ मिमीपेक्षा जाड नसावी. नामांकित कंपन्यांच्या रॅकेट यात बसतात. अनोळखी स्वस्त रॅकेटची जाडी मात्र मोजून घ्या. मनगटाची दोरी नियमानेच सक्तीची आहे. तिची गाठ आणि ती ज्या भोकातून जाते त्याची कड ओढून पाहा. दोरी विरलेली असेल तर खेळायच्या आधी बदला, कारण घामेजल्या हातातून सुटलेली साडेतीनशे ग्रॅमची रॅकेट दोन मीटरवरच्या जोडीदाराच्या तोंडावरच जाते.